विचारण्याआधीचं ‘हो’
शेजाऱ्याची बोट चोरल्याचा गुन्हा कबूल करायला वेंडेल केंटकीच्या कोर्टात उभा होता. न्यायाधीश लोरेटाबाईंनी असे नंदीबैल खूप पाहिले होते.

“कबुली दिलीत तर ज्युरीपुढे खटला चालणार नाही. समजलं?”

“हो, मॅडम.”

बाई मुद्दाम गप्प राहिल्या.

“हो, मॅडम,” वेंडेल पुन्हा म्हणाला.

“अहो, मी काही विचारलंच नाही अजून.”

“वकीलसाहेब म्हणाले, सगळ्याला हो म्हण.”

“बरं. खटला चालला, तर सिद्ध कोणी करायचं?”

“मीच. बोट नेली नाही म्हणून.”

“साफ चूक. सिद्ध सरकारनं करायचं. तुम्ही तोंड उघडलं नाहीत तरी चालतं. कबुली दिलीत की हा हक्क गेला.”

वेंडेलनं वकिलाकडे रोखून पाहिलं.

“मग करू दे की सरकारला.”