जाताना काय म्हणायचं

माझा पाय कधी एका जागी ठरत नाही, आणि त्या महिन्यात तर भात शिजेपर्यंत चुलीपाशी बसायचाही मला धीर नव्हता. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नर्सचं शिक्षण घ्यायचं तर आधी मुलाखत, आणि ती इंग्रजीत. पनवेलला मी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, पास झाले होते. इंग्रजी वाचता यायचं, पण बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची.

त्याहून मोठी अडचण घरातच होती. मिठागरात राबून मला शिकवणारी माझी आई नर्स म्हटलं की तोंड फिरवायची. परक्या पुरुषांची अंगं पुसणाऱ्या पोरीला कोण करून घेणार, असं एकदा म्हणाली आणि मग गप्पच झाली. हो म्हणेना, नाही म्हणेना. तिच्या शब्दाशिवाय मी निघाले असते, पण अर्ध्या वाटेवरून परत फिरले असते. मला माझा स्वभाव माहीत आहे.

शिकवायला बद्रुद्दीनचाचा होते, जन्मभर बोटीवर नोकरी करून गावी परतलेले. त्यांच्या ओट्यावर बसून ते माझ्याकडून एकेक शब्द घोटून घ्यायचे. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं, 'लुक फॉर' म्हणजे शोधणं, 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणं. माझं डोकं फिरायचं. एवढासा तो 'लुक', त्याला शेपट्या तरी किती लावायच्या? साहेब गेला, पण छळ मागे ठेवून गेला, असं मी म्हटलं की चाचा हसायचे.

सगळ्यात जास्त अडले ते निरोप घेताना. धडा संपला की मी उठून म्हणायची, "आय ॲम कमिंग."

"बेटी, येतेस कुठे? तू तर निघालीस," चाचा म्हणायचे. "असं म्हटलंस तर ते लोक परत बसायला खुर्ची देतील. 'आय मस्ट बी ऑफ' म्हण. जातेस तर जाते म्हण."

पण जिभेला लहानपणापासून 'येते'चीच सवय. शेवटी मी हट्टाला पेटले. विहिरीवरून, दुकानातून, मैत्रिणीकडून निघताना मनातल्या मनात 'जाते, जाते' घोकत सुटले. हळूहळू जीभ वळली आणि चाचांनी पाठ थोपटली.

मुलाखतीच्या सकाळी एसटी सुटायला थोडाच वेळ होता. आई माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होती. मी बांधलेली पिशवी सोडली, पुन्हा बांधली. ती काहीतरी बोलेल म्हणून तहान नसताना पाणी प्यायले. तिनं मान वर केली नाही. मला रडू येत होतं आणि तिचा संतापही. तशीच चपला घालून उंबऱ्यात आले.

"आये, जाते मी."

सुपातला हात थांबला. आई इतक्या झटकन उठली की तांदूळ जमिनीवर सांडले. तिचा चेहरा उतरला होता. तिनं येऊन माझं मनगट घट्ट धरलं.

"जाते नाय बोलाचं," ती म्हणाली. "येते बोल."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"येते बोल आधी. मंग जा."

मी येते म्हणाले. तिनं मनगट सोडलं आणि सांडलेले तांदूळ वेचायला बसली, या वेळी तोंड दाराकडे करून.