भिंतीआडचा एल्बो

मी एक जुना पितळी एल्बो आहे, मित्रांनो. तांब्याचा पाइप जिथे वळतो तिथे मला बसवतात. माझा मुक्काम स्वयंपाकघराच्या भिंतीत, आणि भिंतीपलीकडे या घरातल्या आजोबांची खाट.

मला बसवणारा प्लंबर घाईत होता. त्याने मला घासलं, पुसलं, ज्योत धरली आणि डाखाची, म्हणजे वितळून सांधा जोडणाऱ्या मऊ धातूची, तार टेकवली. पितळ जाड, ते उशिरा तापतं. त्यात पाइपमध्ये थोडं पाणी राहिलेलं. डाख सांध्यात शिरलाच नाही, वरच्यावर चिकटला. बाहेरून मात्र सांध्याभोवती अशी चकचकीत कडी दिसत होती की घरची सून म्हणाली, "काय सुबक काम झालंय." मीही फुशारलो. मग माझ्यावर गिलावा चढला आणि सगळे मला विसरले.

काही वर्षांनी मी पाझरू लागलो. भिंतीच्या पलीकडच्या बाजूला लाकडी फळ्या मारलेल्या, त्यामुळे डाग कुणाला दिसेना. पाणी फटीतून आजोबांच्या अंथरुणात उतरायचं.

"माझ्या हातून नाही झालं गं," ओल्या चादरीकडे बघत आजोबा सुनेला म्हणाले.

"असू द्या बाबा, वय झालं की होतं," सून म्हणाली आणि तिने चादरीखाली प्लास्टिक अंथरलं.

आजोबांनी संध्याकाळनंतर पाणी पिणं सोडलं. अंथरूण तरी ओलंच. शेवटी तेही म्हणू लागले, "झालं असेल माझ्याच हातून." मला मेल्याहून मेल्यासारखं होई. ओरडून सांगावंसं वाटे, पण मला येत होतं ते एकच, गळणं.

मग ते लेकीकडे राहायला गेले. जाताना प्लास्टिकची घडी त्यांनी स्वतःच पिशवीत घातली.

दोन दिवसांनी सुनेने चादर बदलायला घेतली. रिकाम्या खाटेवरची चादर ओली होती. तिने खाट सरकवून मागची फळी उचकटली, तर भिंत पाझरत होती.

या वेळी प्लंबरबाई आल्या. मला सोडवून त्यांनी पाइपमध्ये पावाचा गोळा कोंबला.

"पाव कशाला?" सुनेने विचारलं.

"आतलं पाणी अडवायला. पाणी असलं की सांधा तापत नाही. नळ सोडलात की पाव विरघळून जाईल."

त्यांनी मला सावकाश तापवलं. डाख आपणहून आत ओढला गेला.

आजोबा परतले तेव्हा सून म्हणाली, "बाबा, पाइप गळत होता. मी तुमचं ऐकायला हवं होतं." तिने उशाशी पाण्याचा पेला ठेवला.

मित्रांनो, सांध्याला पुरेसा ताव द्या. आणि घरात ओल दिसली, तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी भिंत उघडून बघा. मी आता कोरडा आहे. पेला मात्र सकाळी भरलेलाच असतो, आणि आजोबा उठले की आधी चादर चाचपतात.