वर जाणारा हात

बाबांना आयुष्यात दोनच गोष्टी नीट जमल्या: रडणारं मूल गप्प करणं आणि फी नाकारणं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना. एखाद्या आईने पर्स उघडली, की त्यांचा हात आपोआप वर जायचा. "राहू द्या हो!" गल्लीने त्यांचं नावच 'राहू द्या डॉक्टर' पाडलं होतं. घर चालायचं ते मधल्या खोलीतल्या आईच्या शिलाई मशीनवर.

थोरली लेकही डॉक्टर झाली. पुढे काय शिकणार, लहान मुलांचे आजार की त्वचेचे, हे आज संध्याकाळपर्यंत कॉलेजला कळवायचं होतं. जीव मुलांत होता, पैसा त्वचेत.

"त्वचाच घे," तापाने फणफणलेले बाबा अंथरुणातून म्हणाले. "एका पुटकुळीसाठी लोक हसत पैसे मोजतात."

थोरली चाटच पडली. "हे तुम्ही सांगताय?"

"मीच सांगणार. शिवून शिवून तुझ्या आईचे डोळे अधू झाले. मला दिसत नव्हतं वाटतं?"

तिला बाबांचा अभिमान वाटायचा आणि रागही यायचा. आत्ता दोन्ही एकदम आले. तेवढ्यात दवाखान्यात कुणाचं तरी पोर किंचाळलं, म्हणून तीच उठून गेली.

पोराचा कान आतून लालबुंद होता. गप्पा मारत मारत तिने तो तपासला, औषध लिहून दिलं, आणि पोर तिचा स्टेथोस्कोप ओढत खिदळायला लागलं. त्याला घेऊन आलेल्या बाईंनी पर्स उघडली.

थोरलीचा हात वर गेला. "राहू..."

मधल्या खोलीतलं मशीन थांबलं.

लहानपणापासून ते असंच थांबायचं. त्या शब्दापाशी क्षणभर थांबायचं आणि मग जास्तच जोरात खडखडायचं. इतकी वर्षं ऐकूनही तिच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. तिने हात खाली घेतला आणि फी सांगितली. कान मात्र तापले.

"बरं झालं घेतलीत," बाई नोटा काढत म्हणाल्या. "डॉक्टर काही घेत नाहीत, मग सारखं सारखं यायला कसंतरीच वाटतं. याचा कान कधीचा ठणकतोय, मीच अंगावर काढलं."

बाई गेल्यावर थोरली मधल्या खोलीत गेली. तिने नोटा मशीनवर ठेवल्या.

"आई, मी लहान मुलंच घेते."

आईने चष्मा काढून डोळे पुसले. "घे की. मी कुठे नको म्हणतेय?" ती म्हणाली. "फक्त तो हात खाली ठेव."