वाजवून घेतलेला सायलेन्सर

मी सायलेन्सर बोलतोय, आणि आधीच सांगून टाकतो, सगळं भय्याजीनं केलं. दिघोरीचा भय्याजी, खुशालचा बाप. गावात त्याच्याबद्दल असं कोणी बोलत नाही. तो वयानं मोठा, शंकरपटात बैल पळवणारा, लग्नात पुढच्या रांगेत बसणारा. मग बोलणार कोण? मी बोलतो. मला कोणाच्या पाया पडायचं नाही.

माझा जन्म नागपूरच्या एका शेडमधला. पत्रा गोल वळवला, टोकं जोडली, वरून चकचकीत पॉलिश मारलं. चांगल्या सायलेन्सरच्या पोटात जाळी असते, पडदे असतात. आवाज त्यांच्यात फिरतो, दमतो आणि मग बाहेर पडतो. माझ्या पोटात तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं काहीच घातलं नाही. "अशालेच जास्त गिऱ्हाईक आहे," म्हणाला आणि मला ढिगावर फेकलं. शाळा अर्धी सोडलेल्या पोरांना लोक नावं ठेवतात. मला तर माझ्या उस्तादानंच अर्ध्यावर सोडलं होतं.

तिथून मी भंडाऱ्याच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात आलो आणि तारेला लटकलो. शहाऐंशीची दिवाळी होऊन गेली होती. शंभर सीसीच्या नव्या जपानी इंजिनाच्या गाड्या तेव्हा रस्त्यावर दिसू लागल्या होत्या. नंबर लावून लोक महिनोन् महिने वाट पाहायचे.

खुशालची गाडी अशीच आली होती. ती हौसेची नव्हती. बी.ए. सोडून तो दोन वर्षं घरी बसला होता आणि आता कुठे एका कीटकनाशकाच्या कंपनीत काम लागत होतं. साकोली, लाखांदूर, पवनी या भागातली दुकानं फिरायची. अट एकच, स्वतःची चालू गाडी पाहिजे. संक्रांतीनंतरच्या सोमवारी भंडाऱ्याला साहेबासमोर गाडीसकट हजर व्हायचं होतं. त्याची आई रुखमाबाई हिला माहेरून धानाची एक बांधी, म्हणजे भातशेताचा एक तुकडा, मिळाली होती. तिच्या नावावर जगात तेवढी एकच गोष्ट. ती विकून तिनं गाडी घेऊन दिली.

पोरगा तरुण होता, त्याला गाडीला थोडा आवाज हवा होता. पण तो बिनडोक नव्हता. आधी शोरूमच्या मेकॅनिकला, इश्वरला, त्यानं विचारलं.

"इश्वरभाऊ, आवाज पाहिजे, पण वॉरंटी नाही गेली पाहिजे."

"सहा महिने दम धर ना."

"अन् नाहीच धरवला तं?"

"तं बोल्टवर बसणारा घे, आतमधी जाळी असलेला. कंपनीचा पाइप कापू नको. वेल्डिंगचा टिपका लागू देऊ नको. सर्व्हिसिंगले येशीन तवा जुना सायलेन्सर चढवून ये. मी काही पाहत नाही, पण मॅनेजर वाकून पाहते."

इतकं सरळ होतं ते. खुशाल हे ऐकून दुकानात आला आणि माझ्या शेजारचा सायलेन्सर त्यानं हातात घेतला. जाळीवाला, बोल्टवर बसणारा. तो बरोबर निवडत होता. पण सोबत भय्याजी होता.

भय्याजीनं त्याच सकाळी बाजारातून पाणी भरायचा पितळी गुंड घेतला होता. भंडाऱ्यात भांडं घ्यायची एक रीत आहे. बोटाच्या पेरानं ठोकायचं, कानाशी धरायचं, खणखणीत वाजलं तर घ्यायचं. भय्याजी त्याच तंद्रीत होता. त्यानं शेजारच्या सायलेन्सरला टिचकी मारली. आत जाळी असल्यामुळे तो दबका वाजला. मग मला मारली. मी रिकामा. मी घंटेसारखा वाजलो.

"आयक," भय्याजी म्हणाला. "हा माल आहे. तो मुका आहे."

"बाबा, तो आपल्या गाडीले बसत नाही."

"बसवला का बसते."

"वॉरंटी जाईन ना."

"काय रायते ते वॉरंटी? तुह्या जन्माच्या आधीपासून भांडे घेऊन राहिलो मी. वाजवून घेतलेलं एक फुटलं नाही."

दुकानदार हसला. खुशालनं हातातला सायलेन्सर परत तारेला अडकवला. बापासमोर जास्त बोलू नये, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. चुकीचं शिकवलेलं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "घ्या मंग. पण सहा महिने खुटीवर रायीन तो."

भय्याजीनं मान डोलावली. तिथंच तो खोटं बोलला.

कारण त्याच्या डोक्यात गाडी नव्हती, बैल होते. संक्रांतीला सानगडीला पट होता. त्याच्या जोडीला एक खोड होती, अर्ध्या मैदानात पाय ओढायची. मागून दणका आवाज आला की बैल जीव घेऊन पळतात, असं त्यानं ठरवलं होतं. कोणाला विचारलं नव्हतं. अशी माणसं विचारत नाहीत, ठरवतात.

खुशाल कामाची माहिती घ्यायला लाखनीच्या शेतीऔषधांच्या दुकानात गेला होता. तेवढ्यात भय्याजीनं वेल्डिंगवाल्या कवडूला बोलावलं. मला खुंटीवरून काढलं. मी बसेना. इंजिनाकडून येणारा कंपनीचा वाकडा पाइप लांब पडत होता.

"कापा लागते," कवडू म्हणाला. "पोराले इचारलं का, भय्याजी?"

"गाडी कोणाच्या अंगणात उभी आहे?"

रुखमाबाई दारात आली. "त्यानं कापू नोका म्हणून सांगतलं होतं ना."

"तू चूल पाय."

तिच्या बांधीची गाडी, आणि तिला चूल पाहायला सांगितलं. कवडूनं पाइप कापला, ठिणग्या उडाल्या आणि मी कायमचा चिकटलो. कंपनीचा सायलेन्सर गुरांच्या कोठ्यात गवतावर पडला. आता तो परत चढवायला जागाच उरली नव्हती.

संध्याकाळी खुशाल आला. गाडीकडे पाहिलं, वाकून जोडाला हात लावला.

"काहून कापला बाबा?"

"झालं ते झालं. उद्यापासून बैलामागं चालव. पट झाला का तुही गाडी तुले."

पट संपेपर्यंत रोज सकाळी हेच चाललं. धान निघालेल्या रिकाम्या बांध्यांमध्ये छकड्याला जुंपलेले बैल पुढे, मागे पहिल्या गिअरमध्ये खुशाल आणि मी. भय्याजी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ओरडायचा, "अजून रेस दे." मी बैलांच्या शेपटाशी भुंकत होतो. बैल पळायचे, पण ते पळणं हौसेचं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत भीती असायची. भय्याजीला ती ताकद वाटायची. घरातल्या माणसांच्या डोळ्यांतलीही त्याला तशीच वाटत आली होती.

पटाच्या दिवशी मैदानात फटफटी नेऊ देणार नव्हते, हे साऱ्या जिल्ह्याला माहीत होतं. भय्याजीच्या ध्यानात ते तिथं गेल्यावर आलं. जोडी सुटली, अर्ध्यापर्यंत गेली आणि उभी राहिली. दोन्ही बैलांनी माना वळवून मागे पाहिलं.

"भय्याजी, बैल फटफटीची वाट पाहून राहिले तुमचे," कोणीतरी ओरडलं. अख्खं मैदान हसलं.

घरी आल्यावर भय्याजी म्हणाला, "पोट्ट्यानं सराव बरोबर नाही देला."

सोमवारी खुशाल धुतलेला शर्ट घालून निघाला. रुखमाबाईनं हँडलला हळदीकुंकू लावलं. साकोली गेली, लाखनी गेली. पुढे थोड्याच अंतरावर इंजिन आवळत गेलं आणि मागचं चाक जागेवर अडकलं. मी एकदम गप्प झालो. खुशालनं लाथा मारून पाहिल्या. मग एका ट्रकवाल्याच्या पाया पडून गाडी वर चढवली.

साहेब चांगला होता. म्हणाला, "आठवड्यात गाडी सुरू करून दाखव, जागा तुझीच."

शोरूममध्ये इश्वरनं इंजिन उघडलं. भय्याजीही एसटीनं येऊन पोचला होता. इश्वरनं पंप काढून उजेडात धरला. मग जे बोलला ते मी विसरणार नाही.

"ऑइल पंपच खराब आहे. कारखान्यातूनच असा आला. तेल कमी पडलं, पिस्टन धरला. सायलेन्सर असता नसता, हे होणारच होतं."

खुशालचा चेहरा उजळला. "मंग कंपनी देईन ना भरून?"

"पंप, पिस्टन, सिलिंडर, सारंच. हप्त्याच्या आत."

तेवढ्यात मॅनेजर आला. वाकला. जोडावरून बोट फिरवलं.

"पाइप कापलेला, सायलेन्सर बाहेरचा. क्लेम होणार नाही."

"साहेब, जुना डब्बा आहे घरी," भय्याजी म्हणाला. "उद्या लावून आणतो."

"आणि कापलेला पाइप? तो कुठून लावता?"

भय्याजीनं पहिल्यांदा वाकून तो जोड पाहिला. फार उशिरा पाहिला.

म्हणजे बिघाड माझा नव्हता, खुशालचा नव्हता, बैलामागच्या रेसचाही नव्हता. दोष कारखान्याचा होता आणि भरपाई हक्काची होती. फक्त भय्याजीला भांडं ठोकायची सवय होती.

रात्री जेवताना रुखमाबाई म्हणाली, "बैल इका. गाडी दुरुस्त होते."

"पटाचे बैल हायेत ते," भय्याजी म्हणाला आणि भाताला हात लावला.

आयुष्यात तिनं त्याच्याकडे हे एकच मागितलं होतं. आठवडा गेला. साहेबानं दुसरा पोरगा घेतला.

आता अठ्ठ्याऐंशी सुरू आहे. गाडी कोठ्यात उभी आहे, सीटवर कोंबड्या बसतात. मला भय्याजीनंच ठोकून काढलं आणि दोन बांध्यांच्या मधल्या धुऱ्यात गाडलं. वरच्या बांधीचं पाणी माझ्यातून खालच्या बांधीत उतरतं. जो सायलेन्सर आवाजासाठी निवडला, त्याच्यातून आता पाणी मुकाट जातं. पाहुणे आले की भय्याजी सांगतो, जपानी माल टिकत नाही. पाहुणे माना डोलावतात, कारण तेही भय्याजीच्याच वयाचे असतात.

तुमच्या घरी नवी गाडी आली तर मला वाजवून पाहू नका. ज्याला ती चालवायची आहे, त्याला विचारा, आणि तो कापू नका म्हणाला तर कापू नका. मोठेपणाला एवढं तरी जमलं पाहिजे.

खुशाल सानगडीच्या राइस मिलमध्ये पोती उचलतो. बापाशी बोलत नाही. त्याची नोकरी गेली आणि आईची बांधी गेली.