काकूची झाली आई

मित्रांनो, शाई टिपायचा जुना लाकडी ठोकळा मी. हसू नका! खाली बाक, वर मूठ आणि पोटाला टीपकागद. ओल्या ओळीवरून मला डोलवलं की शाई फिसकटत नाही. बंगालातल्या गार्डन रीचच्या जहाजकारखान्यात उरलेल्या सागाच्या तुकड्यातून एका बंगाली मिस्त्रीने मला घडवलं आणि तिथल्याच रेल्वे कचेरीतल्या श्यामरावांना भेट दिलं. श्यामराव म्हणत, "हा आहे म्हणून माझ्या अर्जांवर डाग नाही." मी फुगून जाई. एक खोड मात्र मला जन्मजात आहे. जे टिपतो ते उलटं टिपतो. आरशासमोर धरलंत की सुलट वाचता येतं.

घरात श्यामरावांची बायको प्रेमलता आणि पुतणी कालिंदी. कालिंदी आठ महिन्यांची असताना तिची आई गेली, पाठोपाठ वडील. या काकूनेच तिला वाढवलं. पोरीची शाळा बंगाली, मैत्रिणी बंगाली. मराठी काय ते घरापुरतं.

चोपन्न सालची गोष्ट. इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी हस्तलिखितासाठी कालिंदी 'माझे बालपण' लिहायला बसली. रविवारी ते सर्वांसमोर वाचायचं होतं. तिने लिहिलं, 'गोवरात काकूने मला आठ दिवस मांडीवरून खाली ठेवले नाही.' मी टिपलं. मग पेन चावत ती पुटपुटली, "आईबद्दल एकही ओळ नाही. कसं दिसेल ते!" आणि पक्क्या प्रतीत तिने काकूची आई केली. धचा मा व्हायला वेळ कितीसा लागतो! ती प्रत तिने पंख्याखाली वाळवली, म्हणून ते खोटं माझ्या अंगावर उमटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या शाळेला गेल्यावर काकूने मोठ्या हौसेने प्रत उघडली. गोवराशी थबकली. आठव्या महिन्यात सोडून गेलेली आई चौथ्या वर्षीच्या गोवराला कुठून आली? काकूच्या वाट्याला पुढे एकच ओळ होती: 'काकूने मला शिक्षा दिली, फार चेष्टा केली.'

काकूने प्रत मिटली. "मी नागपूरला दादाकडे जाते," ती म्हणाली.

श्यामराव कचेरीला निघाले होते. "अगं, पोरीला विचार तरी!"

"विचारायचं काय? लिहूनच दिलंय तिने. रविवारी चारचौघांत वाचणार, आणि मी पुढच्या रांगेत बसून ऐकू?"

ते गेल्यावर तिने भावाला पत्र लिहिलं, 'मला न्यायला ये.' माझा जीव टांगणीला लागला. मला तोंड असतं ना, तर ओरडलो असतो! पत्र टिपायला तिने मला उचललं आणि तिची नजर माझ्या पोटाकडे गेली. अक्षरं उलटी होती, पण आपलं नाव माणसाला उलटंही ओळखू येतं. मला घेऊन ती कपाटाच्या आरशाकडे धावली. 'गोवरात काकूने मला...'

तेवढ्यात कालिंदी आली.

"आधी हे लिहिलं होतंस?" काकूने विचारलं.

पोर रडायलाच लागली. "आईचं काहीच नव्हतं गं माझ्याकडे. म्हणून तुझं तिला दिलं."

"बरं. आणि शिक्षा? कधी मारलं मी तुला?"

"मारलं कुठे? शिक्षा दिलीस! बाराखडी शिकवलीस, पाढे शिकवलेस. किती चेष्टा केलीस माझ्यासाठी!"

काकूने कपाळावर हात मारला. मग हसता हसता डोळे पुसू लागली. "अगं बंगालीण! बंगालीत शिक्षा म्हणजे शिकवण आणि चेष्टा म्हणजे खटपट; मराठीत शिक्षा म्हणजे छडी, आणि चेष्टा म्हणजे टिंगल!" भावाचं पत्र तिने टराटरा फाडलं.

"मी 'आई' खोडते," कालिंदी म्हणाली.

"नको. जाऊबाईंना तेवढं तरी राहू दे. शिक्षा तेवढी खोड."

कालिंदीने शिक्षा खोडली, चेष्टा खोडली. मग बराच विचार करून गोवराच्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहिली, आणि या वेळी मलाच उचललं.

पुढे बॉलपेनं आली आणि मी अडगळीत पडलो. मित्रांनो, मला टाकायचं तर टाका बापडे! पण कुणाचं लिहिणं वाचून रुसण्याआधी त्याला एकदा विचारा, आणि मला टाकण्याआधी एकदा आरशासमोर धरा. माझ्या पोटावर ती ओळ अजून वाचता येते: 'त्या आईला मी काकू म्हणते.'