दोर धरणारे भावोजी

धाकटीनं झाडकामाचा स्वतःचा धंदा सुरू केला त्याला सहा आठवडे झाले होते, आणि या सहा आठवड्यांत तिला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न होता, "आणि माणूस कुठाय?"

फाटक उघडणारा आधी तिच्याकडे बघायचा, मग तिच्या मागे, मग रस्त्याच्या टोकापर्यंत नजर टाकून यायचा. खांद्यावर दोराचं भेंडोळं, कमरेला करवत, डोक्यावर हेल्मेट. ती भाजी विकायला आलेली नाही हे उघड होतं. तरीही. एका गृहस्थांनी तिला सावलीत खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "बसा, ते येईपर्यंत." ती बसली. कोणी येणार नाहीये हे दोघांच्या लक्षात यायला वीस मिनिटं लागली.

चूक थोडी तिचीही होती. मुकादमाच्या टोळीत नऊ वर्षं ती 'वरची' होती. झाडकामात जागा दोनच: वरची आणि खालची. वरचा चढतो आणि कापतो. खालचा दोर धरून कापलेली फांदी हळूहळू उतरवतो, आणि गिऱ्हाइकाशी बोलतो. नऊ वर्षांत धाकटीला गिऱ्हाइकांचे फक्त टाळू दिसले होते. नुसतं थोपटून ती फांदीचं वजन सांगायची, पण "किती वेळ लागेल?" एवढं कुणी विचारलं की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं.

टोळी सोडताना मुकादम हसून म्हणाला होता, "जा बाई, जा. तुझ्या हेल्मेटची खुंटी मी कुणाला देत नाही. महिना-दोन महिन्यांत येशीलच."

शेवटी ताईनं उपाय काढला. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, आणि उपाय म्हणजे ताईचा नवरा.

भावोजींनी बावीस वर्षं पाण्याचे पंप विकले होते. कंपनी बंद पडली, पंप थांबले, पण भावोजींचं बोलणं थांबलं नाही. ते सगळं आता एकट्या ताईच्या वाट्याला येत होतं.

"घेऊन जा गं यांना," ताई फोनवर म्हणाली. "आज सकाळी पंख्याची पाती कुठल्या बाजूनं पुसावीत यावर पंधरा मिनिटं ऐकवलं मला. अंगानं दांडगे आहेत. दोर धरतील."

"ताई, त्यांना उंचीची भीती वाटते."

"मग? खालीच तर उभं राहायचंय!"

धाकटीनं त्यांना दोन दिवस शिकवलं. पहिला नियम: दोराचे खोडाभोवती तीन वेढे घालायचे. म्हणजे वजन खोड पेलतं, आपण फक्त टोक धरून दोर सैल करत राहायचं. दुसरा नियम: दोर स्वतःला बांधायचा नाही.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

भावोजींनी गंभीरपणे मान डोलावली. ऐकून घेतल्यासारखं दिसणं हा त्यांच्या जुन्या नोकरीचा भागच होता. मग त्यांनी तिचा जादा सुरक्षापट्टा मागून घेतला, तोच तो, मांड्यांतून आणि कमरेवरून आवळायचा, पुढे लोखंडी कडी असलेला.

"जमिनीवर उभं राहायला पट्टा कशाला, भावोजी?"

"शोभतो गं."

आणि खरंच शोभला. भावोजी फाटकाशी उभे राहिले की माणूस कुठाय हे कुणी विचारेना. सगळे त्यांनाच "साहेब" म्हणू लागले. भावोजी वर बघायचे, डोळे बारीक करायचे, पंप तपासताना करायचे तसाच एक लांब "हं" करायचे, आणि काम मिळायचं. तीन आठवड्यांत पाच कामं झाली. धाकटीला वाटलं, चालू द्या. त्यांनी बोलावं, मी कापीन.

पण तिसऱ्या कामापासून भावोजी तिला कुठली फांदी काढायची ते बोटानं दाखवू लागले. चौथ्या ठिकाणच्या बाईंनी तिच्या हातात सरबताचा पेला देत समजुतीनं सांगितलं, "साहेब फार जाणकार आहेत हो. आहेत तोवर शिकून घे."

तिनं ताईकडे तक्रार केली. "मला फांद्या दाखवतात गं!"

"मला माझंच कपाट कसं उघडायचं ते दाखवतात," ताई म्हणाली. "सहन कर. माझी दुपारची झोप परत आलीय."

मग शाळेचं काम आलं.

शाळेच्या आवारात त्रेचाळीस झाडं होती. सुट्टी चालू होती. वर्गांतले बाक एकावर एक उलटे ठेवलेले, मैदान रिकामं. मुख्याध्यापिकाबाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, हातात वही. मुकादमही येऊन झाडं बघून गेला होता, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"एक झाड करून दाखवा," त्या म्हणाल्या. "तो शिरीष. त्याची ही मोठी फांदी ग्रंथालयाच्या कौलांवर गेलीय. एकही कौल न फोडता ती उतरवा. जमलं, तर सगळी झाडं दरवर्षी तुमच्याकडे. नाही जमलं, तर मी आजच मुकादमांना हो म्हणते."

हे सगळं त्या भावोजींना सांगत होत्या. धाकटी शेजारीच उभी होती. सगळी झाडं दरवर्षी, म्हणजे तिचा धंद्यात पाय रोवला जाणार होता. नाहीतर मुकादमाकडची ती खुंटी होतीच.

"चिंताच सोडा, बाई," भावोजी म्हणाले. "आमच्या हाताखाली मुलगी तयार आहे."

धाकटीनं दोर उचलला.

वर गेल्यावर तिचं डोकं नेहमीसारखं शांत झालं. फांदीचं वजन साधारण एकशे चाळीस किलो. तिनं दोराचं एक टोक फांदीला बांधलं, दोर वरच्या जाड बेचक्यातून घेऊन दुसरं टोक खाली सोडलं. दुसऱ्या लहान दोरानं फांदीचं नाक कौलांपासून मैदानाकडे ओढून धरलं.

"तीन वेढे?" तिनं ओरडून विचारलं.

"तीन!" खालून उत्तर आलं. आणि त्या क्षणी ते खरं होतं.

पुढची वीस मिनिटं ती कौलांना घासणाऱ्या बारीक फांद्या काढत होती. तिच्या आणि जमिनीच्या मध्ये दाट पानं होती, त्यामुळे खाली काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. खाली असं चाललं होतं: मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, एवढी जड फांदी एक माणूस कसा धरणार? बावीस वर्षांत भावोजींनी एकाही प्रश्नाला तोंडी उत्तर देऊन भागवलं नव्हतं. ते प्रात्यक्षिक दाखवत. त्यांनी दोराचे वेढे एकेक करून सोडले, पुन्हा घातले, पुन्हा सोडले. मग बाईंनी शाळेच्या पंपाविषयी विचारलं. आता पंपाविषयी बोलायला दोन्ही हात मोकळे लागतात. हातातल्या दोराचं काय करावं? पट्ट्याला पुढे कडी होतीच. भावोजींनी दोराला गाठ मारली आणि तो कडीत अडकवला.

"सोडते!" वरून धाकटी ओरडली. खालून "सोड" आल्याशिवाय शेवटचा काप घ्यायचा नाही, असा या धंद्यातला नियम.

"सोड!" भावोजी मागे वळूनही न बघता म्हणाले. उत्तर वेळेवर आलं, खणखणीत आलं. कारण तेवढं एक त्यांना पक्कं पाठ होतं.

धाकटीनं करवत ओढली. फांदी सुटली, डुलली, कौलांपासून बाजूला झाली आणि खाली जाऊ लागली.

आणि भावोजी वर येऊ लागले.

भावोजींचं वजन ब्याण्णव किलो होतं. (ते पंच्याऐंशी सांगत. ब्याण्णव ताईनं सांगितलेलं.) दोर बेचक्यात चांगला घासत होता, म्हणून ते भिरकावले गेले नाहीत. ते संथपणे, एखाद्या मोठ्या दुकानातल्या लिफ्टसारखे वर आले. पानांतून आधी हेल्मेट दिसलं, मग चेहरा. वाक्य अजून चालूच होतं.

"...म्हणून, बाई, दोर असा घट्ट असला की माणूस जागचा हलत—"

इथे त्यांनी खाली पाहिलं.

फांदी मैदानावर टेकली. दोर ताठ झाला आणि भावोजी जमिनीपासून पंधरा फुटांवर हळूहळू स्वतःभोवती फिरू लागले. एक कावळा शेजारच्या फांदीवरून उठून गेला.

"साहेब!" खालून मुख्याध्यापिकाबाई ओरडल्या. "आता काय करायचं?"

भावोजींनी डोळे गच्च मिटले होते. "तिला विचारा."

"कुणाला?"

"तिला! हिला! मला यातलं काहीही येत नाही हो, बाई! मी पंप विकायचो!"

 मग मुख्याध्यापिकाबाईंनी मान आणखी वर केली. पानांतल्या फटीतून धाकटीला त्यांचे डोळे दिसले.

"सांगा," बाई म्हणाल्या. "मी काय करू?"

आणि गंमत अशी, की इथे, झाडावर, धाकटीला नेमकं माहीत होतं काय सांगायचं.

"मी आणखी एक दोर वरच्या बेचक्यातून टाकतेय. त्याचे खोडाभोवती तीन वेढे घाला."

"घड्याळाच्या दिशेनं की उलट?"

"कसेही. फक्त एकावर एक चढू देऊ नका."

"पूर्ण तीन?"

"पूर्ण तीन. मग टोक ओढून घट्ट धरा. स्वतःला बांधू नका."

"कोण बांधेल?" बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी भावोजींकडे पाहिलं नाही. "घातले. हे कप्पीचं आमच्या सातवीच्या पुस्तकात आहे. पण चित्रातला माणूस शेवटपर्यंत खालीच असतो."

धाकटी आपल्या दोरावरून उतरत भावोजींच्या समोर आली. नव्या दोराचं दुसरं टोक तिनं त्यांच्या कडीत अडकवलं आणि दोनदा ओढून पाहिलं.

"भावोजी, पहिला दोर कापतेय. वीतभर खाली आल्यासारखं वाटेल."

"वीतभर? कुणाची वीत?"

"माझी."

"बरं." त्यांनी एक डोळा उघडला. "तुझ्या ताईला सांगशील?"

"तुम्हीच सांगा. तुम्हाला बोलायला आवडतं."

तिनं सुरी दोराला लावली. भावोजी वीतभर खाली आले आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की तो वर्गात कुणी काढला असता तर बाकावर उभं राहावं लागलं असतं. खाली बाई एकेक हात दोर सैल करत गेल्या. एकदाही धक्का बसला नाही. भावोजींचे पाय टेकले, मग गुडघे, मग ते सगळेच टेकले आणि जमिनीवर तळहात पसरून बसले. पुढची पूर्ण चार मिनिटं ते एक शब्दही बोलले नाहीत.

धाकटी उतरली. मुख्याध्यापिकाबाईंनी अजून दोराचं टोक धरून ठेवलं होतं, कारण सोडा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"सोडा आता," धाकटी म्हणाली.

बाईंनी सोडलं, आणि हात पुसत म्हणाल्या, "एकही कौल फुटलं नाही, हे खरं. पण एक माणूस वर गेला, हेही खरं. यांच्या चुकीसाठी मी तुम्हाला काम नाकारावं का, हा प्रश्न आहे."

सोपं होतं. नुसती मान हलवायची, की सगळं भावोजींवर ढकललं जाणार होतं. भावोजींचीही हरकत दिसत नव्हती.

"चूक माझी आहे," धाकटी म्हणाली. "मध्ये पानं होती, मला दोर दिसत नव्हता. तर मी उतरून बघायला हवं होतं. मी आवाज ऐकला आणि कापलं. त्यांचा आवाज ऐकून सगळेच विश्वास ठेवत होते, मीही ठेवला. वरच्याला ते चालत नाही. आणि खाली शिकलेला माणूस हवा. मला बोलणारा मिळाला, मी तोच घेतला."

गिऱ्हाइकाशी इतकं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. तिचं तिलाच थकायला झालं.

मुख्याध्यापिकाबाईंनी बाजूला ठेवलेली वही उचलली. त्या मैदानाच्या कडेनं चालू लागल्या, म्हणून धाकटीही निघाली. कुंपणाजवळच्या एका मोठ्या झाडाशी बाई थांबल्या.

"यापासून सुरुवात करा असं मुकादम म्हणाले. वरची गर्दी कमी करायची. त्यांचा माणूस सकाळी चढून दुपारी मोकळा होईल."

धाकटी झाडाभोवती फिरली. मुळाशी, गवताआड, तपकिरी आळंबीचे थर होते. तिनं करवतीच्या मुठीनं खोडावर ठोकलं, कान लावला, वीतभर सरकून पुन्हा ठोकलं.

"मी चढणार नाही," ती म्हणाली.

"चढणार नाही?"

"आतून कुजलंय. इथून इथपर्यंत पोकळ आहे, ऐका." बाईंनी केसांची पर्वा न करता खोडाला कान लावला. "यावर कुणीच चढू नये. बाहेरून शिडीची गाडी लावून वरून तुकड्या-तुकड्यानं काढावं लागेल, आणि शाळा उघडायच्या आत. तोवर इथे दोरी बांधून मुलांना लांब ठेवा. बाकीची बेचाळीस बघून सांगते. उगाच कापायची नसतील तर तसंही सांगेन."

बाई कितीतरी वेळ खोडाशी कान लावून उभ्या राहिल्या. याच झाडाच्या सावलीत मुलं डबे खायला बसत असत.

मग त्यांनी वही उघडली, एका पानावर मुकादमाविषयी काहीतरी लिहिलं होतं ते आडवी रेघ मारून खोडलं, आणि खाली एकचा आकडा घालून त्याभोवती वर्तुळ काढलं.

"एक," त्या म्हणाल्या. "शिडीची गाडी. पुढचं झाड सांगा. आणि दोर धरायला कोण येणार, तेही."

मागून, मैदानाच्या मधोमध बसल्या जागेवरून, भावोजींनी घसा खाकरला. "मी काही सुचवू का?"

"नाही," दोघी एकदमच म्हणाल्या, आणि पुढच्या झाडाकडे निघाल्या.