फेसाखालचा रस

सत्याला मरण नसते, असे मोठमोठ्या माणसांनी सांगून ठेवले आहे. त्यांच्या घरी बहुधा कुणाला कावीळ झाली नसावी. सारंगखेड्याच्या भाईदास पाटलाच्या घरी ती झाली, आणि तिथे सत्य पडवीतून निघाले की ओसरीपर्यंत टिकत नसे.

आजारी होती भाईदासची आई, धनुबाई. शहाद्याच्या वैद्यांनी तिचे पिवळे डोळे पाहिले, तेल-तूप बंद केले आणि दोन वेळा उसाचा ताजा रस द्यायला सांगितला. सन चौतीसचा माघ होता. शेतात ऊस उभा होता, पण पेलाभर रसासाठी चरकाला बैल कोण जुंपणार? तेव्हा भाईदासची बायको छबूबाई मागच्या पडवीत बसून ऊस सोलायची, त्याच्या गंडेऱ्या उखळात कुटायची आणि चोथा फडक्यात घालून मनगटे भरून येईपर्यंत पिळायची.

असा रस भारी फेसाळतो. पडवीत पितळी पेला काठोकाठ दिसे. मग तो घेऊन, डोक्यावरचा पदर सावरत, उंबरे ओलांडत ओसरीवर जायचे. वाटेत सासरे दोधू पाटील आले की सुनेने भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. दोधू पाटलांना आयुष्यात कशाची घाई नव्हती. ते निघून जाईपर्यंत फेस बसे आणि खाटेपाशी पोचणारा पेला अर्धा असे.

“कुटाना आवाज तं गावभर ऐकू येस,” धनुबाई पेल्यात डोकावून म्हणाली. “आनी रस इतलासाच? बाकीना कथा गया वं?”

“फेस व्हता, माय. बसी गया.”

“कथा बसना? तुन्हा पोटमा?” खाटेशी बसलेली भिकुबाई म्हणाली. ही धनुबाईची धाकटी बहीण. आजारी बहिणीची सेवा करायला आली होती आणि सेवा कशी चुकते आहे ते बघत होती.

या घरात छबूबाईला आळशी म्हणून झाले होते, वांझ म्हणून झाले होते. चोर हा शब्द नवा होता. आजारी सासूच्या तोंडचा रस पिणारी सून! म्हातारी बरी झाली तर भांडून हा डाग धुता आला असता. पण तिचे पाय सुजू लागले होते, आणि म्हातारी हे मनात घेऊन गेली तर पुढे धुवायला कोणाकडे जाणार?

ती नवऱ्याकडे गेली. भाईदास धुळ्याला इंग्रजी पाचवीपर्यंत शिकला होता.

“तुम्ही सांगा ना मायले. फेस म्हंजे नुसती हवा.”

“हवाच शे,” भाईदासने मान्य केले.

“मंग सांगा.”

“आजारी शे ती. आते तिन्हासंगे काय वाद घालू? बरी व्हवू दे.”

“नही तं एकदाव पेला तुम्ही लई जा.”

“मी?” लुगडे नेसायला सांगितल्यासारखा भाईदास तिच्याकडे बघत राहिला.

तिने उखळ ओसरीवर नेऊन पाहिले. “मन्हा डोकावर कुटू नको,” धनुबाई म्हणाली. रस बसू दिला, तर तो काळा पडला, आणि ओसरीवर यात काय कालवले याची चौकशी झाली. फेस चमच्याने वाटीत काढून ठेवला, तर नेमकी भिकुबाई पडवीत आली. “आनी हाई वाटी कोनी वं?” तिने विचारले आणि उत्तराची वाट न बघता ओसरीवर सांगायला गेली. गुऱ्हाळात कढईवर फेस चढला की तेलाचा थेंब टाकतात, हे छबूबाईला ठाऊक होते. पण तेल वैद्यांनी बंद केले होते.

शेवटी तिने पिळण्याची घाई सोडली. फडके ओले करून दुहेरी केले, पेला तिरपा धरला, फडके त्याच्या काठाला टेकवले आणि रस आतल्या अंगाने हळूहळू उतरू दिला. काळा पडू नये म्हणून लिंबू पिळले. ऊस दुप्पट लागला. फेस नखाएवढाही नव्हता. त्या दिवशी दोधू पाटील वाटेत भेटले तरी पेला भरलेलाच पोचला.

धनुबाईने तो बराच वेळ न्याहाळला. मग एक घोट घेतला.

“यामा पानी टाकेल शे,” ती म्हणाली. आणखी एक घोट घेऊन म्हणाली, “पन गोड शे.”

छबूबाई पडवीत येऊन बसली. ‘गोड शे’ एवढेच तिने ठेवून घेतले, पाण्याचे सोडून दिले.

पुढे पोट फुगले आणि धनुबाईच्या घशाखाली घोट उतरेना. एका दुपारी भिकुबाई देवळात गेली होती. सासूचे तोंड ओल्या फडक्याने पुसताना छबूबाई वाकून म्हणाली, “माय, मी तुन्हा रस नही पिधा.”

धनुबाईने डोळे उघडले.

“सरक वं,” ती म्हणाली. “दार दिखत नही.”

शिवरात्रीच्या आधीच ती गेली. भिकुबाईने गळा काढला, “मन्ही बहीन रसना घोटले तरसनी वं माय,” आणि बायकांनी रडता रडता पदराआडून छबूबाईकडे पाहिले. बाहेर ओट्यावर भाईदास जमलेल्या माणसांना समजावून सांगत होता, की फेस म्हणजे नुसती हवा असते, बसला की पेला अर्धा होणारच, त्यात कुणाचा दोष नाही. त्याने चांगले सांगितले. माणसांना पटले. आतल्या रडण्यात ते कुणाला ऐकू आले नाही.

पडवीत थोडे ऊस उरले होते. ते बैलांना घातले.